गोव्यातून गुलमर्गला: पहिल्यांदा स्की करायला निघालेल्यांसाठी

जानेवारी उजाडला की फोंडा-म्हापशाच्या ओळखीतून दोन-चार फोन हमखास येतात. गुलमर्गची तिकिटं काढलीत, मुलांना स्की करायचंय, सोबत काय काय घेऊ? मी कपड्यांची यादी नंतर सांगतो. आधी विचारतो, पावसाळ्यात लाल बावटा लावलेला असताना समुद्रात उतरणारे पर्यटक बघितलेत ना? बागा असो की हरमल, दरवर्षी बघतो आपण. जीवरक्षक शिट्ट्या फुंकून दमतो आणि ही मंडळी कमरेएवढ्या पाण्यात फोटो काढत उभी असतात. आपला जीव वरखाली होतो, कारण पाण्याखालची ओढ काय असते ते आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यांना ती दिसतच नाही.

बर्फावर गेलं की ते पर्यटक म्हणजे आपण. तिथली ओढ आपल्याला दिसत नाही, तिथल्या बावट्याचा अर्थ कळत नाही, आणि पैसे मोजून आलोय, दिवस चारच आहेत, ही घाई मात्र तीच असते. चार हिवाळे मी तिथे जातोय. आपल्याकडच्या माणसांना दुखापत झालेली पाहिली, स्वतःलाही झाली. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहितो. उदाहरणं गुलमर्गची आहेत, कारण गोव्यातून बहुतेकजण तिथेच जातात. औली किंवा सोलंगला जाणार असाल तरी यातलं जवळजवळ सगळं लागू पडेल.

घरूनच सुरुवात करा

निघण्याआधी निदान सहा आठवडे मांड्या तयार करा. स्कीवर माणूस दिवसभर गुडघ्यात वाकून उभा असतो आणि उतरताना शरीराचा सगळा भार मांड्यांवर येतो. म्हणून नुसतं मिरामारला सकाळी चालून भागत नाही. पारोड्याच्या चंद्रेश्वराच्या पायऱ्या चढा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या सावकाश उतरा. उतरतानाच मांड्यांचं खरं काम होतं. घराजवळ डोंगर नसेल तर इमारतीचा जिना चालेल. रोज शंभर उठाबशा घालणारा माणूस तिसऱ्या दिवशी दुपारीही ताठ उभा असतो, बाकीचे त्या वेळेपर्यंत प्रत्येक वळणावर पडायला लागलेले असतात.

शिकण्याची सोय आधीच ठरवून घ्या. गुलमर्गला केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आहे. मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी संस्थेचे स्कीचे कोर्स सोलंगला होतात. औलीला गढवाल मंडल विकास निगमचे वर्ग असतात. कोर्सला जागा मिळाली नाही तर निदान पहिले तीन दिवस परवानाधारक प्रशिक्षक घ्या. मित्र शिकवतो म्हणाला तर त्याचे आभार माना आणि तरीही प्रशिक्षक घ्या. मित्राला स्वतःला उतरता येत असतं, पण दुसरा का पडतोय हे ओळखणं हे वेगळं काम आहे.

विम्याचा कागद नीट वाचा. साधारण प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असतात, आणि हे वाक्य सहसा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. मोबाइलचंही आधी बघा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. गटात निदान दोघांकडे पोस्टपेड हवं.

कपडे

आपल्याकडे पहाटे वीस अंशाला लोक स्वेटर घालतात, त्यामुळे थंडीचा अंदाज आपल्याला नसतोच. मग घाबरून एकावर एक चार टी-शर्ट घातले जातात. सुती कपडा मात्र अंगाला लागून घालूच नका. स्की करताना घाम येतो, सुती कपडा तो धरून ठेवतो, आणि थांबलात की तोच ओलावा अंग गारठवतो. आत थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकर, सगळ्यांत वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट आणि पँट. तीन थर पुरतात. गुलमर्गच्या वाटेवर तंगमर्गला भाड्याने मिळणारा लांब कोट आणि गमबूट फिरायला ठीक आहेत, स्कीला नाहीत.

गॉगल्स आणि सनस्क्रीन यांत काटकसर करू नका. कोरडी वाळू उन्हातले सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फेकते, समुद्राचा फेस २५ टक्के. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत फेकतो. शिवाय दर हजार मीटर चढलं की हे किरण दहा-बारा टक्क्यांनी तीव्र होतात. उन्हात वाढलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला काय होणार! तरी नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीच्या खालच्या बाजूलाही क्रीम लावा, कारण ऊन तिथे खालून येतं. उघड्या डोळ्यांनी दिवस काढलात तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि डोळे उघडवत नाहीत.

पोचल्याचा दिवस

गोव्यातलं सर्वांत उंच शिखर म्हणजे सत्तरीतलं सोंसोगड, तेही बाराशे मीटरच्या आत. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. सकाळी मोपाच्या विमानतळावरून निघून संध्याकाळी तिथे पोचणं शरीराला मानवेलच असं नाही. जमल्यास एक रात्र श्रीनगरला काढा. गुलमर्गला पोचल्यावर त्या दिवशी काही करू नका: भरपूर पाणी, हलकं जेवण, लवकर झोप. डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं ही उंची न मानवल्याची लक्षणं आहेत. ती असताना गोंडोलाने, म्हणजे तिथल्या रोपवेने, आणखी वर जायचं नाही. विश्रांतीनंतरही वाढत असतील, तोल जात असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल तर लगेच खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही.

आपल्या गटात कुणीतरी सामानात फेणीची बाटली आणलेली असते. दारूने ऊब आल्यासारखं वाटतं, कारण त्वचेकडचं रक्त वाढतं. पण तीच आतली उष्णता बाहेर जात असते. पहिल्या रात्री ती नकोच, आणि स्की पायांत असताना तर कधीच नको.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल गोव्यातल्या माणसाला कुणी सांगितलेलंच नसतं, कारण आपण आयुष्यात खोली तापवलेली नसते. तिकडे खोलीत बुखारी म्हणजे लाकडाची शेगडी असते, कुठे गॅसचा हीटर असतो, कुठे कोळशाची अंगीठी किंवा कांगडी देतात. थंडी लागते म्हणून आपण दार-खिडक्यांच्या फटीसुद्धा टॉवेल लावून बंद करतो. जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागा होऊ देत नाही. म्हणून खिडकी बोटभर उघडी ठेवा, झोपण्याआधी गॅसचा हीटर आणि अंगीठी बंद करून बाहेर काढा, आणि गरम पाण्याची पिशवी मागून घ्या. खोलीतल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर ते उंचीमुळे असेल असं धरून चालू नका. आधी बाहेरच्या हवेत या.

बूट आणि बाइंडिंग: इथे वेळ घालवा

पहिल्या वर्षी भाड्याच्या दुकानात मला बूट एक नंबर मोठे दिले आणि वर दोन मोजे घालायला सांगितले. वजन किती, हे कुणी विचारलं नाही. मलाही विचारायचं असतं हे ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी अगदी सावकाश, जवळजवळ उभ्या जागी पडलो. पाय वळला, स्की वळली नाही आणि सुटलीही नाही. उजवा गुडघा आतल्या बाजूने सुजला आणि सहा आठवडे मी फोंड्यात काठी घेऊन चाललो. वेगाने पडण्यापेक्षा असं हळू, पिळवटत पडणं गुडघ्याला जास्त वाईट असतं, कारण सुटायला लागणारा धक्काच बसत नाही.

म्हणून दुकानात अर्धा तास हाताशी ठेवून जा. मोजा एकच, पातळ, लोकरीचा, गुडघ्यापर्यंतचा. थर्मलची पँट बुटात कोंबायची नाही. तिची घडी नडगीवर रुतते आणि तासाभरात पाय बधिर होतो. बूट घालून ताठ उभे राहिलात की अंगठे पुढे टेकले पाहिजेत, आणि गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की ते किंचित मागे आले पाहिजेत. टाच वर उचलून बघा. उचलली जात असेल तर बूट मोठा आहे.

मग बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीवर धरणारी आणि पडल्यावर सोडणारी यंत्रणा. तिच्या पुढच्या आणि मागच्या भागावर एक छोटी खिडकी असते आणि तिच्यात आकडा दिसतो. हा आकडा तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती शिकलेले आहात यावरून ठरतो. यातलं काही न विचारता दुकानदार स्की हातात देत असेल तर तुम्हीच सांगा आणि समोर स्क्रूड्रायव्हरने आकडा लावून घ्या. मित्राशी स्कीची अदलाबदल करू नका, त्याचा आकडा तुमचा नसतो. रोज सकाळी स्की घालण्याआधी बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ पोलने, म्हणजे हातातल्या स्कीच्या काठीने, खरवडून काढा. बर्फाचा थर राहिला तर बूट नीट बसत नाही आणि बाइंडिंग नको तेव्हा सुटतं किंवा हवं तेव्हा सुटत नाही.

स्नोबोर्डचं, म्हणजे दोन्ही पायांखालच्या एकाच फळीचं, बाइंडिंग पडल्यावर सुटत नाही, दोन्ही पाय बांधलेलेच राहतात. त्यामुळे स्नोबोर्ड शिकणाऱ्याला गुडघ्यापेक्षा मनगटाची भीती जास्त. मनगटाचे गार्ड मिळाले तर जरूर घ्या. बोर्ड काढून ठेवताना उलटा, बाइंडिंग बर्फात रुतवून ठेवा. सुलटा ठेवलेला बोर्ड एकटाच उतारावरून सुटतो आणि खाली कुणाच्या तरी पायावर जाऊन आदळतो.

हेल्मेट घ्याच. पणजीत स्कूटरवर घालतो तसं, तेही हनुवटीचा पट्टा लावून.

आधी थांबायला, मग घसरायला शिका

पहिला दिवस सपाटीवर आणि अगदी सौम्य उतारावर. प्रशिक्षक तुम्हाला दोन्ही स्कींची टोकं पुढे जवळ आणि मागे लांब करायला लावील; मुलांना ते त्याला पिझ्झा म्हणून शिकवतात. सांगितलेल्या जागी थांबता येईपर्यंत वरच्या उतारावर जायचं नाही.

पडणंही शिकायचं असतं. तोल गेलाच असं वाटलं की कडेला, उताराच्या वरच्या बाजूला, नितंबावर बसल्यासारखं पडा. हात मागे टेकून स्वतःला सावरू नका. स्नोबोर्डवर मुठी मिटून कोपरापासूनच्या हातावर पडा. घसरत असताना उठून उभं राहायचा प्रयत्न करू नका, पूर्ण थांबल्यावर उठा. पोलचा पट्टा अंगठ्याभोवती घट्ट गुंडाळू नका. पडताना पोल हातात अडकला की अंगठ्याचा सांधा फाकतो.

उतारावरची रीत

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ साली बैरुतच्या अधिवेशनात उतारावर कसं वागायचं याचे नियम स्वीकारले. आज ते दहा आहेत आणि स्नोबोर्डवाल्यांनाही तेच लागू आहेत. सगळ्यांचा पाया एकच: पुढे, म्हणजे उतारावर तुमच्या खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला. त्याला मागचं दिसत नाही. तुम्हाला तो दिसतो. तो कुठेही वळला, अचानक पडला, तरी त्याला न लागता जाणं ही तुमची जबाबदारी. आपल्याकडच्या रस्त्यावरची, हॉर्न वाजवला की पुढच्याने बाजूला व्हावं ही सवय इथे विसरायची. ओलांडून जाताना त्याने मोठं वळण घेतलं तरी पुरेल एवढी जागा सोडा. स्नोबोर्डवाला आडवा उभा असतो, त्याची पाठ ज्या बाजूला असते तिकडचं त्याला काहीच दिसत नाही. त्या बाजूने जाताना आणखी लांबून जा.

थांबायचं ते कडेला आणि वरून दिसेल अशा जागी. हे मी दुसऱ्या वर्षी शिकलो. एका उंचवट्याच्या लगेच खाली मी हातमोजा नीट करायला थांबलो. वारा लागत नव्हता, म्हणून जागा बरी वाटली. वरून येणाऱ्याला मी दिसणारच नाही हे डोक्यात आलं नाही. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा उंचवट्यावरून आला, मला बघून त्याने अंग झोकून दिलं आणि माझ्यापासून हातभर अंतरावर पडला. त्याच्या पोलचं टोक माझ्या गॉगल्सवर चरा पाडून गेलं. तो उठून मलाच सॉरी म्हणाला. चूक पूर्ण माझी होती, आणि त्याला ते सांगितल्याशिवाय मी तिथून हललो नाही. ते गॉगल्स मी अजून बदललेले नाहीत.

पुन्हा निघताना आधी वर बघा, मगच निघा. चालत चढायचं किंवा उतरायचं असेल तर उताराच्या अगदी कडेने. मधून चाललात तर पावलांचे खड्डे पडतात, रात्री ते गोठून दगडासारखे होतात आणि सकाळी कुणाची तरी स्की त्यात अडकते. फोटोसाठी उताराच्या मधोमध कुटुंब उभं करणं, लहान मुलांना तिथे बर्फात खेळायला सोडणं हेही त्यातच आलं. स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढणाऱ्या माणसांशी भाव आधी ठरवा, नीट बोला. आणि चिप्सचं पाकीट खिशात परत आणा. बर्फात टाकलेलं दिसेनासं होतं, पण एप्रिलमध्ये बर्फ वितळला की ते कुरणावर तसंच पडलेलं असतं आणि तिथल्या लोकांना उचलावं लागतं.

लिफ्ट

ड्रॅग लिफ्टवर, म्हणजे दांड्याने वर ओढून नेणाऱ्या लिफ्टवर, बसायचं नसतं, उभं राहून स्वतःला ओढून घ्यायचं असतं. बसलात की पडलात. पडलात तर दांडा सोडून लगेच वाटेतून बाजूला सरका, मागून पुढचा येत असतो. चेअरलिफ्टवर मफलर, बॅगेचे पट्टे, मोकळे केस आत घ्या, दांडी खाली ओढा आणि उतरल्यावर तिथेच रेंगाळू नका.

दोरी, बावटा आणि हिमस्खलन

गुलमर्गचा गोंडोला दोन टप्प्यांत जातो. पहिला कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवतच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत. वरचा बराचसा डोंगर यंत्राने सारखा केलेला नाही, मोकळा आहे. जगभरातले निष्णात स्कीवाले त्यासाठीच येतात, आणि त्याच कारणाने तो नवख्याने स्की करण्याचा डोंगर नाही. वर नुसतं बघायला जा, पण हद्दीसाठी बांधलेल्या दोरीच्या आत राहा.

८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्गला लष्कराच्या प्रशिक्षण तुकडीवर हिमस्खलन झालं, १७ जवान गेले. १ फेब्रुवारी २०२३ला अफरवतच्या उतारावर पोलंडचे दोन स्कीवाले गेले. २२ फेब्रुवारी २०२४ला रशियाचा एक. ही नवखी माणसं नव्हती.

बर्फ थराथरांनी साठतो. खालचा एखादा थर कच्चा राहिला आणि वर नवा बर्फ किंवा वाऱ्याने आणलेला बर्फ जमला की वरचा पत्रा एकाच माणसाच्या भाराने तुटून सरकू शकतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हे सर्वांत जास्त होतं, म्हणजे स्कीला जो उतार मजेचा वाटतो नेमक्या त्याच उतारावर. मोठ्या हिमवर्षावानंतरचे एक-दोन दिवस विशेष वाईट. आणि तेव्हाच आकाश निळंशार होतं, झाडं पांढरी असतात, आणि सगळ्यांना वर जायचं असतं. भरतीच्या वेळी शांत दिसणाऱ्या पाण्यावर आपण जसा विश्वास ठेवत नाही, तसा या निळ्या आकाशावर ठेवू नका.

दुसरा टप्पा बंद आहे असं सांगितलं की बंद. हुज्जत घालू नका, चालत जायचा मार्ग शोधू नका. स्की पॅट्रोलची माणसं म्हणजे तिथले जीवरक्षक. त्यांनी दोरी बांधली असेल तर पलीकडे कुणाच्या स्कीच्या खुणा दिसल्या तरी जायचं नाही. तो गेला म्हणजे तुम्ही गेल्यावरही बर्फ टिकेल असं नसतं. कुणी गाइड वरच्या मोकळ्या बर्फात नेतो म्हणाला तर विचारा: प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं आहे का, आणि ते वापरायचा सराव कधी घेणार? बर्फाखाली गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तरच जगण्याची चांगली शक्यता असते. तेवढ्या वेळात खालून मदत पोचत नाही, सोबतच्यांनाच खणावं लागतं. उत्तर टाळलं तर जाऊ नका.

कुणाला लागलं तर

थांबणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, टक्कर तुमच्यामुळे झालेली असो वा नसो. जखमी माणसाच्या थोडं वर दोन स्की फुलीसारख्या रोवा, म्हणजे वरून येणाऱ्यांना दिसेल. त्याला उठवू नका, हेल्मेट किंवा बूट ओढून काढू नका. बूटच दुखऱ्या पायाला आधार देत असतो. अंगावर जाकीट घाला, खाली काहीतरी सारा. लिफ्टच्या माणसाला किंवा पॅट्रोलला बोलवा, फोन लागत असेल तर ११२. आपलं नाव आणि फोन नंबर द्या आणि मदत येईपर्यंत थांबा.

थंडीत दर अर्ध्या तासाला एकमेकांची तोंडं बघा. नाकाच्या शेंड्यावर किंवा गालावर मेणासारखा पांढरा डाग दिसला तर आत जा आणि उबदार तळहात नुसता धरून ठेवा. चोळू नका, बर्फ तर लावूच नका.

आणि डोक्याला मार. मार्च २००९ मध्ये कॅनडात नताशा रिचर्डसन ही अभिनेत्री नवशिक्यांच्या उतारावर शिकताना पडली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. उठली, मला काही झालं नाही म्हणाली. डोक्यात आत रक्तस्राव होत होता, दोन दिवसांनी ती गेली. म्हणून डोकं आपटलं असेल तर माणूस हसत असला तरी त्या दिवसाची स्की संपली. त्याला खोलीत एकटं ठेवू नका. डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली, बोलणं अडखळलं, झोपेतून नीट जागा होईना, तर लगेच दवाखाना. हे लक्षण परतीच्या प्रवासात किंवा घरी पोचल्यावरही दिसू शकतं. मोपाला उतरताना असं काही जाणवलं तर घरी बॅगा टाकायला न जाता सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जा, आणि डॉक्टरने विचारायच्या आधीच सांगा की बर्फावर पडून डोकं आपटलं होतं, कोणत्या दिवशी, किती वाजता.